आयदर ऑर सर्व्हायव्हर

रोमँटिक कॉमेडीचं गणित ठरलेलं असतं. दोन माणसं एकमेकांना आवडतात, प्रेक्षकांना ते त्यांच्याआधी कळतं, आणि मध्यंतरानंतर दोघांतलं एक माणूस घाबरतं. घाबरून पळतं. पळायला जागा भरपूर: विमानतळ, रेल्वे स्टेशन, अगदी भर मांडव. हिंदी सिनेमात हा घाबरट बहुतेक वेळा मुलगा असतो. दाढी नीट राखलेली, बापाशी अबोला, आणि ‘याला कमिटमेंटची भीती आहे’ हे निदान त्याचा जाडा मित्र करतो. शेवटी तो पळत परत येतो आणि ती त्याला लगेच माफ करते. तिने आधी शांतपणे एक चहा प्यावा, मग काय ते सांगावं, असं मला दरवेळी वाटतं. असो.

या पळापळीसाठी एक गोष्ट आधी लागते, तिच्याकडे कुणी बघत नाही. मांडव. कुणीतरी हॉल बुक केलेला असतो, मावशीने चार वेळा ‘मग कधी?’ विचारलेलं असतं, मुलीच्या घरी याद्या सुरू झालेल्या असतात. अंगावर काहीतरी चालून येतं म्हणून माणूस पळतं. दोन बायकांच्या गोष्टीत समोरून काही येतच नाही. मी आणि सांगलीवाली बरीच वर्षं एकत्र राहतो. (तिला नाव आहे, पण ते इथं लिहायचं नाही अशी ताकीद आहे. ‘सांगलीवाली’ चालेल म्हणाली, तेवढंच गावाचं नाव होईल.) या सगळ्या वर्षांत आम्हाला एकाही मावशीने ‘कधी?’ विचारलेलं नाही. घाबरट माणसासाठी यापरता स्वर्ग नाही, आणि मी त्या स्वर्गात फार सुखात राहिले.

आपल्याकडे आमच्यासारख्यांच्या गोष्टी आल्या त्या विनोदी नव्हत्या. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं, मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या मुलीवर जडलेला जीव, आणि शेवटी आत्महत्या. त्या काळात ते नाटक लिहिणं आणि उभं करणं हेच धाडस होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग ‘फायर’ आला. भारतात तो १९९८च्या नोव्हेंबरमध्ये लागला आणि डिसेंबर उजाडतोय तोच मुंबईत थिएटरची तोडफोड झाली. त्यातल्या दोघी जावा शेवटी एकमेकींना भेटतात, पण त्याआधी थोरलीच्या साडीला स्वयंपाकघरात आग लागलेली असते. मी तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर तोडफोडीची बातमी सुरू झाली आणि बाबांनी घाईघाईने चॅनल बदललं. ते बदललं नसतं तर मला कदाचित कळलंही नसतं की या बातमीचा माझ्याशी काही संबंध आहे.

थोडक्यात, आमच्या नायिकांना सवडच नव्हती. बांधिलकीला घाबरायचं तर तिसऱ्या अंकापर्यंत जिवंत राहावं लागतं.

म्हणून २००४चा ‘सेव्हिंग फेस’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सोफ्यावरून जवळजवळ उठून उभी राहिले. दिग्दर्शिका ॲलिस वू, आधी मायक्रोसॉफ्टमध्ये सॉफ्टवेअर लिहायची. नायिका विल न्यूयॉर्कमध्ये सर्जन आहे. हाताला कंप नाही, माणसाचं पोट उघडताना डोळ्याची पापणी हलत नाही, आणि प्रेयसीचा हात चारचौघांत धरायचा म्हटलं की हिचा धीर सुटतो. त्यात हिची अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा आई गरोदर. बाप कोण ते सांगत नाही, म्हणून आजोबा घराबाहेर काढतात आणि ती लेकीच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला येते. प्रेयसी व्हिव्हियन नर्तकी. ती पॅरिसला निघते, विल विमानतळावर धावत जाते. इथपर्यंत सगळं गणिताप्रमाणे. मग व्हिव्हियन म्हणते, इथंच, या सगळ्यांसमोर माझं चुंबन घे. आणि विलला ते जमत नाही.

धावत विमानतळावर पोचूनही जमत नाही! बाकीच्या सिनेमांत धावणं हेच उत्तर असतं. इथं धावून झाल्यावर खरा पेपर हातात पडतो. विलला व्हिव्हियनबद्दल तसूभर शंका नाही. तिला भीती आहे ती हे दिसण्याची, नोंदलं जाण्याची. नंतर न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधल्या चिनी मंडळींच्या नाचाच्या कार्यक्रमात दोघींच्या आयाच त्यांची पुन्हा गाठ घालून देतात, विल सगळ्यांसमोर तिचं चुंबन घेते, आणि काही पाहुणे तरातरा निघून जातात. ते निघून जाणारे पाहुणे सिनेमात ठेवलेत हे मला सगळ्यात आवडलं. टाळ्या वाजवणारे तर कुणीही दाखवेल.

आमचं विमानतळ पुण्यात, कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर.

पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्यांना माहीत आहे: बॅचलर मुलगे नकोत, लग्न न झालेलं जोडपं तर नकोच नको. दोन नोकरदार बायका मात्र चालतात. नुसत्या चालत नाहीत, पळतात. घरमालक काकांनी आमची आधार कार्डं उलटसुलट करून बघितली आणि घसा खाकरून मुद्द्याचं विचारलं, “मुलंबिलं येत-जात नाहीत ना?” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, “नाही काका.” इतकं निर्मळ सत्य मी आजवर कुठल्याही फॉर्मवर लिहिलेलं नाही. काका एवढे खूश झाले की गच्चीवर नेऊन पाण्याची टाकी स्वतः दाखवली.

करार झाला अकरा महिन्यांचा. मी एका सीएच्या ऑफिसात लोकांचे टॅक्सचे कागद करते, त्यामुळे मला हे ठाऊक होतं की महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कितीही महिन्यांसाठी असली तरी करावीच लागते, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. तरी सगळे अकराच महिने लिहितात. मला ते अकरा महिने फार मानवले. दर वर्षी भाडं थोडं वाढायचं, दर वर्षी आम्ही सही करायचो, आणि दर वर्षी सरकारदरबारी आमचं नातं एवढंच असायचं की दोन परवानाधारक एका सदनिकेत राहतात.

ली डेलारिया या अमेरिकन विनोदवीर बाईच्या नावावर एक जुना विनोद आहे. लेस्बियन दुसऱ्या भेटीला काय घेऊन येते? तर सामानाचा ट्रक. म्हणजे आम्ही लगेच संसार थाटतो, अशी आमची ख्याती. सांगलीवाली त्या विनोदाला जागली. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, तिला कशातच आढेवेढे चालत नाहीत. दोन सुटकेसेस आणि एक लोखंडी तवा घेऊन ती आली आणि तिने पहिल्याच दिवशी डाळीचे डबे लावून टाकले. मी काय केलं, तर एक्सेलची शीट उघडली. फ्रिज तिचा, वॉशिंग मशीन माझं, मिक्सर तिचा, गाद्या निम्म्यानिम्म्या. पावत्यांचे फोटो, तारखा, किमती. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, वॉरंटीसाठी बरं पडतं. एकदा शीट उघडली तर ‘माझं’ आणि ‘तिचं’ या रकान्यांच्या शेजारी तिने तिसरा रकाना घातलेला होता: ‘आपलं’. त्याखाली एकच नोंद. झुरळं.

फ्लॅटला दोन बेडरूम. दुसरी ‘तिची खोली’. त्या खोलीची व्यवस्था मी हौसेने बघायचे. आई साताऱ्याहून यायची असली की आदल्या रात्री त्या पलंगावरची चादर मुद्दाम चुरगळायची, उशीला मध्ये खळगा करायचा, उशाशी तिचा जुना चष्मा आणि पाण्याचा अर्धा भरलेला तांब्या. एकदा तर ती वाचत असलेलं पुस्तक म्हणून मी तिथं एक पुस्तकही पालथं घालून ठेवलं. आई आली, सगळं घर फिरली, त्या खोलीच्या दारात उभी राहून वर बघत म्हणाली, “पंख्यावर केवढी धूळ आहे गं. इथं झोपणाऱ्या माणसाला दिसली असती.” आणि गवार निवडायला बसली. त्यानंतर डिंकाच्या लाडवांचा डबा दोघींच्या हिशोबाने यायला लागला. त्यापलीकडे ना तिने काही विचारलं, ना मी काही सांगितलं.

सांगलीवालीला हे असलं अधांतरी राहणं खपत नव्हतं. तिला मोठं काही नको होतं, पण काहीतरी हवं होतं. अंगठी म्हण, गणपतीला दोघींच्या नावाने आरती म्हण, काहीही. आणि माझ्याकडे एक अस्सल, वजनदार, खुद्द राज्यघटनेतून आलेलं उत्तर होतं: “अगं, कायदाच नाही ना.”

मग १७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ, निकालाचं थेट प्रक्षेपण, ऑफिसात एका कानात इअरफोन घालून बसले होते. सरन्यायाधीश वाचत होते तेव्हा मध्येच आशा वाटली, मग पुन्हा नाही. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय फेरफार करणार नाही, ते संसदेचं काम. लग्नाखेरीज एखाद्या नोंदणीकृत नात्याचा प्रश्न तीन विरुद्ध दोनने बारगळला. मैत्रिणींचे रडके मेसेज येत होते. मलाही वाईट वाटत होतं, अगदी खरंखुरं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती होती हुश्श.

संध्याकाळी घरी आल्यावर सांगलीवालीने माझ्याकडे नीट पाहिलं. गुडघा कुठं दुखतो हे पेशंटने सांगायच्या आधी तिला कळतं. “तुला सुटल्यासारखं झालंय ना?” मी म्हटलं, काहीतरीच काय. त्या रात्री आमचं जे भांडण झालं त्यात तिने पुरावे काढले. १९८७ साली मध्य प्रदेश पोलिसातल्या लीला आणि ऊर्मिला, दोघी कॉन्स्टेबल, त्यांनी लग्न केलं आणि नोकरी गेली. त्यांच्याकडे कुठला कायदा होता? २०२२च्या सुरुवातीला बातमी आली होती, नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी घरच्यांसमोर अंगठ्या घातल्या. समारंभाचं नावच कमिटमेंट सेरेमनी. नागपुरात! “नागपूरला जमतंय आणि तुला पुण्यात होईना व्हय?” चिडली की तिची सांगली वर येते. मी म्हटलं, त्यांची नोकरी गेली हे तूच सांगितलंस. ती म्हणाली, “तुझी कोण घेतंय? तुझ्या सीएला मार्चमध्ये तुझ्याशिवाय श्वास घेता येत नाही.”

मला कशाची भीती वाटते हे मी तेव्हा तिला नीट सांगू शकले नाही. माझ्या लग्नाळू मित्रांना भीती असते की बाकीचे पर्याय संपतील. मला पर्याय नकोच होते, तिच्याखेरीज मला कुणी नकोय हे मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं होतं. पण जे कुठेच लिहिलेलं नाही ते कुणी खोडू शकत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलं होतं. बाबांनी चॅनल बदललं तेव्हापासून असेल. आपण नोंदीत नाही, म्हणून आपल्याला कुणी हुडकणार नाही. कागदांचं काम करणाऱ्या बाईचा कागदाबद्दलचा हा विचार, म्हणजे विनोदच आहे.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस केंद्रीय अर्थ मंत्रालयाने पत्रक काढलं. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. तशी ती आधीही नव्हती, कुठल्याही दोन माणसांना संयुक्त खातं उघडता येतंच. पण आता सरकारने ते आमचं नाव घेऊन सांगितलं होतं. सांगलीवालीने बातमीची लिंक पाठवली, सोबत एकच शब्द.

“आता?”

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन तो शब्द बराच वेळ बघत बसले. सिनेमात या ठिकाणी व्हायोलिन असतं. आमच्याकडे खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन.

बँकेत काउंटरला एक मॅडम होत्या, निवृत्तीला आलेल्या, साखळीचा चष्मा. फॉर्म बघून म्हणाल्या, “बहिणी का तुम्ही?”

“नाही.”

“मग नातं काय लिहू?”

सांगलीवाली म्हणाली, “पार्टनर.”

मॅडमनी फॉर्म परत सरकवला. “मग हे सेव्हिंगमध्ये नाही व्हायचं. करंट अकाउंट लागेल. पार्टनरशिप डीड आणा, फर्मचं पॅन आणा.”

आणि मी, देवाशप्पथ, फर्मचं पॅन यायला किती दिवस लागतील याचा हिशोब करायला लागले. व्यवसायच तो. सांगलीवालीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. “धंदा नाही ओ मॅडम. घर चालवतोय आम्ही. दोघींचं.”

मॅडमनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मागे रांगेत एक गृहस्थ पासबुकाने वारा घेत होते. “बरं,” मॅडम म्हणाल्या, “मग आयदर ऑर सर्व्हायव्हर करा. कुणीही एकीने सही केली तरी पैसे निघतात, आणि एक गेली तर दुसरीला मिळतात.” हे त्यांनी चेकबुक वीस पानांचं की पन्नास, या सुरात सांगितलं. मरेपर्यंत आणि मेल्यानंतरची सगळी तजवीज इतक्या कोरडेपणाने मला आजवर कुणी सांगितली नव्हती, आणि मला ते एकदम पटलं. फुलं-बिलं असती तर मी पळाले असते.

मग माझ्या एकटीच्या खात्याला तिला नॉमिनी करायचा फॉर्म, तेव्हाचा डीए-१. त्यात ठेवीदाराशी नातं विचारलेलं होतं आणि पुढे छापलेलं होतं, ‘असल्यास’. मॅडम म्हणाल्या, “असल्यास म्हटलंय ना, मग सोडा मोकळं. चालतं.” सांगलीवाली काही बोलली नाही. मुद्दाम. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मोकळं सोडायची मुभा मला आयुष्यभर मिळत आलेली आहे, आणि दर वेळी मी ती आनंदाने घेतलेली आहे. मी पेन उचललं आणि लिहिलं. रांगेतल्या गृहस्थांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे अक्षर बिघडलं होतं म्हणून मोठं झालं, पण झालं. मॅडमनी ते वाचलं, कॉम्प्युटरच्या यादीत शोधलं. त्यात आई होती, वडील होते, पती-पत्नी, भाऊ-बहीण. “आमच्याकडे नाहीये हे. अदर्स टाकते,” म्हणाल्या आणि टाकलं.

इथं सिनेमा संपतो. पण मी टॅक्सचे कागद करते, त्यामुळे मला पुढचं माहीत असतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण त्यावर हक्क वारसांचा, आणि मृत्युपत्र नसेल तर माझे वारस माझे आई-बाबा, तिचे तिच्या घरचे. एरवीसुद्धा कायदा आम्हाला अधूनमधून चिमटा काढतच असतो. नवऱ्याने बायकोला दहा तोळे घातले तर प्राप्तिकर खात्याला त्यात काही घेणं नाही. मी तिला वर्षाकाठी ५० हजारांच्या वर दागिना दिला तर तो तिचं उत्पन्न. आताच्या सोन्याच्या भावात प्रेम जरा वजनदार झालं की करपात्र.

आमच्या ऑफिसात एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. मैत्रिणीबरोबर राहायच्या, फ्लॅट मैत्रिणीच्या नावावर, अर्धे हप्ते यांनी भरलेले. मैत्रीण गेली आणि पुतण्या वारसाचे कागद घेऊन हजर झाला. बाईंनी पिशवीतून हप्त्यांच्या पावत्या काढल्या, रबर लावलेल्या, वर्षवार. आमच्या सरांनी त्या चाळल्या आणि सांगितलं, यावर नाव त्यांचं आहे. बाई ‘मैत्रीण’ म्हणाल्या होत्या. ऑफिसातल्या कुणी त्यापुढे काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पावत्यांना पुन्हा रबर लावायला मात्र त्यांना वेळ लागला, कारण ते तुटलं. मी ड्रॉवरमधून नवं दिलं.

तेव्हा मृत्युपत्र. दोघींची, एकमेकींच्या नावे. नोंदणी सक्तीची नाही, साक्षीदार दोन लागतात. एक शेजारच्या वहिनी तयार झाल्या. त्यांना सांगावं लागलं, त्या म्हणाल्या, “ते आम्हाला माहीतच होतं, पण तुमच्या घरातलं दळण-कांडण काय करता ते सांगा, मला गिरणी घ्यायचीय.” दुसरा साक्षीदार कोण, यावर सांगलीवालीने माझ्याकडे फक्त पाहिलं. पॅरिसचं तिकीट काढून बसलेली व्हिव्हियन तशी बघत असेल.

मी आईला फोन लावला. आधी बाबांची शुगर, मग पाऊस, मग शेजारच्यांच्या नातवाचं बारसं. मग म्हटलं, “आई, एका कागदावर सही करायला येशील का?”

“कसला कागद?”

सांगितलं. कागद कसला, कुणाच्या नावे, आणि का. पहिल्यांदाच सगळं सलग. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग आईने गॅस बारीक केला.

“साक्षीदारच हवे होते तर मांडवात बोलवायचं होतंस,” ती म्हणाली. “निदान चांगली साडी नेसून सही केली असती.”

“अगं, कायद्यात मांडव नाही आम्हाला.”

“कायद्यात मंगळागौर तरी कुठं आहे? आम्ही जागवल्याच ना.” मग जरा थांबून, “गुरुवारी नको, भिशी आहे. शुक्रवारी येते. आणि त्या दुसऱ्या खोलीतला पंखा पुसून ठेवा, मी तिथंच झोपणार आहे.”